एक खोली, तीन माणसं, एक दाखला: संवादप्रधान चित्रपटासाठी सल्ला हवा

डिचोलीचा_लेखक

नमस्कार मंडळी. पूर्ण लांबीचा मराठी चित्रपट लिहितोय. जवळजवळ सगळा एका खोलीत आणि एका रात्रीत घडतो. कथा थोडक्यात अशी:

गोव्यातल्या मांडवीकाठच्या खनिज जेटीवरचं ऑफिस. मे महिन्याची अखेर. हंगामातलं शेवटचं जहाज मुरगाव बंदरात उभं आहे आणि पहाटे बार्ज, म्हणजे नदीतल्या सपाट मालवाहू बोटी, भरायला घ्यायच्या आहेत. खोलीत तिघे. मॅनेजर, वय ५५, अत्यंत देवभोळा. शिपिंगची कागदपत्रं बघणारा क्लार्क, कशावरच विश्वास नसलेला. आणि नवा केमिस्ट, वय २६. मालातल्या ओलाव्याच्या दाखल्यावर केमिस्टची सही हवी आहे आणि तो ती करत नाही. शेटने सकाळी ग्रामदेवतेला कौल लावलाय, उजवा, म्हणजे होकाराचा, मिळालाय. मॅनेजरसाठी विषय तिथेच संपतो.

पहिला खर्डा ११८ पानांचा झालाय. अडचणी अशा. मधली चाळीसेक पानं श्रद्धा विरुद्ध विज्ञान अशा भाषणबाजीत जातात. ज्यांनी वाचलं त्यांना राज्य स्पर्धेतलं नाटक वाचल्यासारखं वाटलं. मनात असलेली जागा म्हणजे मंगळुरी कौलांचं जुनं घर, तिथे आवाज कसा धरायचा ठाऊक नाही. युनिट १२ जणांचं, पैसे फार तर १६ दिवसांच्या शूटिंगपुरते. शिवाय गोव्यातली ही माणसं घरी कोंकणी बोलणारी, त्यांच्या तोंडी मराठी किती आणि कुठे ठेवायची?

नेमकं सांगा. कौतुक नको, दुरुस्ती हवी.

तिसरी_घंटा

आधी लेखनाचं बोलतो. खर्डा इथे पक्का झाला नाही तर पुढे कॅमेरा काहीही वाचवू शकत नाही.

माणसं मतं मांडायला लागली की चित्रपट थांबतो. तुमच्याकडे वाद थांबवून ठेवणारी एक वस्तू आधीच आहे, तो दाखला. सगळा चित्रपट त्याच्यावर बांधा. कागद कोणत्या अवस्थांतून जातो ते आधी लिहून काढा: टाइप झालेला, सहीविना टेबलावर पडलेला, क्लार्कने शिक्का मारून ठेवलेला, केमिस्टने आकडा खोडलेला, पुन्हा टाइप केलेला, मॅनेजरच्या खिशात गेलेला. अशा सात-आठ अवस्था मिळाल्या की तेच तुमचे टप्पे. एका टप्प्यात कागदाची अवस्था बदलत नसेल आणि फोनवरून नवी बातमीही येत नसेल, तर तो टप्पा गाळा. श्रद्धेवरचं उत्तम वाक्य त्यात असलं तरी गाळा. यातून २५ पानं जातील.

दुसरं, कौल. तुम्ही तो नुसता माहिती म्हणून वापरलाय, पण नाट्य तिथेच दडलंय. कौल लावताना भट देवाला शब्दांत प्रश्न घालतो आणि पाकळी उजवीकडची पडली की होकार. उत्तर प्रश्नाला असतं. शेटने नेमकं काय विचारलं? ‘आजचं जहाज सुटू दे का’ असं विचारलं की ‘माल जहाजाला धार्जिणा आहे का’ असं विचारलं? हे कोणालाच माहीत नसतं आणि साधारण ६०व्या पानापर्यंत कोणी विचारतही नाही. मग ते केमिस्टने विचारावं. त्यासाठी केमिस्ट नास्तिक नको. तोही त्याच देवळाच्या जत्रेला जाणारा, घरी कौल लावणारा मुलगा असू दे. मग त्याचा प्रश्न अपमान ठरत नाही. आतल्या माणसाने आतल्या माणसाला विचारलेला तो प्रश्न असतो, आणि मॅनेजरला तो झटकून टाकता येत नाही.

तिसरं. मॅनेजरची श्रद्धा त्याला स्वतःला महाग पडली पाहिजे. नुसता देवभोळा म्हणून रंगवलात तर प्रेक्षक पाचव्या मिनिटाला त्याला मोडीत काढतील. त्याला एक नियम द्या: देवाची शपथ घेऊन हा माणूस खोटं बोलत नाही. मग तो केमिस्टला ‘सही कर’ म्हणू शकतो, पण ‘आकडा खरा आहे’ असं म्हणू शकत नाही. क्लार्क ते सहज म्हणू शकतो, कारण त्याला कशाचीच अडकाठी नाही. आता खोलीतला सर्वांत भाविक माणूस आणि सही न करणारा मुलगा हळूहळू एका बाजूला सरकू लागतात. हे सरकणं म्हणजेच तुमचा चित्रपट. तुम्हाला स्वतःला जो माणूस पटत नाही त्याच्या तोंडी सर्वांत बळकट युक्तिवाद द्या. ‘शेवटचं जहाज गेलं नाही तर चाळीस ट्रकवाल्यांचे हप्ते पावसाळाभर कोण भरणार’ या प्रश्नाला केमिस्टकडे उत्तर नसू दे.

सहा ओळींपेक्षा लांब भाषणं सबंध चित्रपटात तीनच ठेवा, प्रत्येकाला एक. बाकी सगळीकडे समोरच्याने वाक्य तोडलं पाहिजे.

भाषेचा प्रश्न नात्यावरून सोडवा. ट्रकवाल्याशी, घरच्यांशी फोनवर कोंकणी, चार-पाच शब्दांत, भाषांतर न देता. गाऱ्हाणं घातल्यासारखं देवाविषयीचं बोलणं, दाखल्याची भाषा, वर्तमानपत्रातली बातमी हे सगळं मराठीत. गोव्यात हे असंच चालतं. क्लार्क सिंधुदुर्गातला केलात तर तिघांनी आपसात मराठी बोलण्याला आयतं कारण मिळतं. मॅनेजरला दोघांनी ‘बाब’ लावून अहो-जाहो करावं, त्याने केमिस्टला ‘अरे-तुरे’. मालकाचा उल्लेख कायम ‘शेट’. केमिस्ट चिडून एकदाच मॅनेजरला ‘तू’ म्हणेल ती जागा आत्ताच ठरवा. दुसऱ्यांदा म्हटलं की वजन गेलं.

बार्जघाट

खनिजाच्या बाजूने लिहितो. धंद्याचा तपशील चुकला तर डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यातला प्रेक्षक पहिल्या दहा मिनिटांत उठेल.

केमिस्टवर खोटा आकडा लिहायचा दबाव आहे असं दिसतंय. ते नको. खरी परिस्थिती त्याहून अवघड असते आणि तुमच्या विषयाला तीच हवी.

फाइन्स, म्हणजे बारीक लोहखनिज, ओलं असलं तर समुद्रातल्या हेलकाव्यांनी दाणे घट्ट बसतात, मधलं पाणी दाबलं जातं आणि माल चिखलासारखा वाहू लागतो. जहाज एका अंगाला कलतं, माल तिकडे सरकतो, परत येत नाही, आणि जहाज उलटतं. २००९ साली भारतातून लोहखनिज फाइन्स घेऊन निघालेली दोन जहाजं अशीच बुडाली: जुलैत मंगळूरजवळ ‘एशियन फॉरेस्ट’ आणि सप्टेंबरमध्ये पारादीपजवळ ‘ब्लॅक रोझ’. खोलीतल्या तिघांनाही हे माहीत असणार. त्यामुळे धोका समजावून सांगणारा संवाद लिहू नका. जहाजाचं नुसतं नाव घेतलं की तिघे गप्प होतात, एवढं पुरे.

आता नियम. माल किती ओलाव्याला वाहू लागतो तो बिंदू प्रयोगशाळेत काढतात. फ्लो टेबल नावाच्या चाचणीपद्धतीत त्याच्या ९० टक्के ही वाहतुकीची मर्यादा धरतात. समजा तो बिंदू ९.० टक्के निघाला, तर मर्यादा ८.१. मालातला प्रत्यक्ष ओलावा त्याच्या खाली हवा. ओलाव्याची चाचणी आणि भरणी यांत सात दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. आणि मधल्या काळात जोराचा पाऊस झाला तर चाचणी पुन्हा करायची. घन मालाच्या वाहतुकीची ही आंतरराष्ट्रीय संहिता १ जानेवारी २०११ पासून बंधनकारक आहे.

तुमचं नाट्य या शेवटच्या अटीत आहे. दाखला चार दिवसांपूर्वीचा, आकडा ७.६, पूर्णपणे खरा. काल रात्री वळिवाचा पाऊस झाला. स्टॅकवर, म्हणजे खनिजाच्या ढिगावर, ताडपत्री होती, पण सगळीकडे नव्हती. कागदावर खोटं काहीच नाही. केमिस्टने फक्त ‘त्यानंतर लक्षणीय पाऊस झालेला नाही’ या ओळीखाली सही करायची आहे. ‘लक्षणीय’ म्हणजे किती? क्लार्क यावर अर्धा तास खेळू शकतो, आणि मॅनेजर शपथेवर गप्प राहू शकतो. तिसरी_घंटा यांनी सुचवलेला नियम इथे अचूक बसतो.

साल मे २०१२ ठेवा. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. प्रेक्षकाला माहीत असतं की हे बंदीआधीचं शेवटचं जहाज, तिघांना माहीत नसतं. ते कुठेही बोलून दाखवू नका. घाई का, तर पावसाळा धरला की आग्वादकडचं मांडवीचं मुख बार्जना बंद होतं आणि कुंभारजुवे कालव्यातून झुआरीकडे जावं लागतं. शिवाय जहाज थांबलं की दर दिवसाचं डेमरेज, म्हणजे खोळंब्याची भरपाई. हा आकडा क्लार्कच्या कॅल्क्युलेटरवर दिसू दे, तोंडी नको.

खोलीत करायला काम हवं असेल तर दोन गोष्टी आहेत. एक, ओव्हन. नमुना तोलायचा, १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचा, पुन्हा तोलायचा. १००० ग्रॅमचे ९१५ उरले तर ओलावा ८.५ टक्के. याला काही तास लागतात, म्हणजे रात्रभर टिकणारी टांगती तलवार तुम्हाला आयतीच मिळाली. दुसरी, कॅन टेस्ट. अर्धा ते एक लिटरचा दंडगोल डबा अर्धा भरायचा, सुमारे २० सेंटिमीटर उंचीवरून टणक जमिनीवर २५ वेळा आपटायचा, दर एक-दोन सेकंदांनी एकदा. वर पाणी दिसलं किंवा माल चिखलासारखा सपाट झाला तर पुढची तपासणी केल्याशिवाय भरायचं नाही. महत्त्वाचं म्हणजे वर पाणी दिसलं नाही तरी माल सुरक्षित आहे असं सिद्ध होत नाही. मॅनेजरला ‘दिसलं नाही म्हणजे नाही’ असं म्हणायची मुभा मिळते आणि केमिस्टला ते मान्य करता येत नाही. श्रद्धेचा सगळा वाद त्या डब्याभोवती होऊ शकतो, देव हा शब्द न उच्चारता.

नमुना कुठून घेतला हाही मुद्दा. स्टॅकचा वरचा थर उन्हाने वाळतो, आत ओल राहते. वरवरचा नमुना घेतला तर आकडा गोड येतो. तो आधीचा ७.६ कुणी आणि कुठून काढला, हे ८०व्या पानावर निघू दे.

आवाजाचं_काम

संवादप्रधान चित्रपटात पैसे कमी पडले तर कॅमेरा साधा घ्या, ध्वनीमुद्रक चांगला घ्या. प्रेक्षक धूसर चित्र सोसतो, न ऐकू येणारं वाक्य सोसत नाही.

कौलांचं घर म्हणून घाबरू नका. चिऱ्याच्या जाड भिंती बाहेरचा आवाज चांगला अडवतात. त्रास दोन ठिकाणी आहे: कौलांच्या फटींतून येणारा आवाज, आणि गिलावा व सिमेंटच्या लाद्यांमुळे खोलीत घुमणारा. घुमण्यावर उपाय स्वस्त आहे. फ्रेमबाहेर राहील तिथे जमिनीवर गोधड्या, कॅमेऱ्यामागच्या भिंतीला कापसाच्या गाद्या उभ्या, खिडक्यांना जाड पडदे. खुर्च्या-टेबलांच्या पायांना फेल्ट, नटांच्या बुटांच्या तळाला फेल्ट. पत्र्याचं छप्पर मात्र कुठल्याही परिस्थितीत नको.

घरात शॉटगन, म्हणजे लांब नळीचा माईक, बूमच्या काठीला लावायची सवय असते. छत खाली असलेल्या, घुमणाऱ्या खोलीत तो भिंतींवरून परतणारा आवाजही पकडतो आणि संवाद पोकळ होतो. त्याऐवजी हायपरकार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज धरणारा, छोटा माईक, नटाच्या कपाळाच्या वर दीड ते दोन फुटांवर. तिघांना कपड्यावर लावायचे तीन लॅपल माईक, प्रत्येकाचा वेगळा ट्रॅक. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. नेहमीच्या बोलण्याची शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, कारण याच दृश्यात कुणीतरी ओरडणार आहे. कॅमेऱ्याच्या प्रत्येक मांडणीनंतर, माणसं खोलीतच असताना, पूर्ण एक मिनिट शांततेचं रेकॉर्डिंग. संकलनात वाक्यांमधल्या फटी त्यानेच बुजतात.

खरा पाऊस पडत असताना संवाद घेऊ नका. दर टेकला त्याचा जोर बदलतो आणि कट केला की पाऊस उडी मारतो. खिडकीबाहेर छिद्रांची पाइप लावून पाऊस पाडा, मागून दिवा द्या, पाणी पडेल तिथे गोणपाट अंथरा म्हणजे थेंबांचा आवाज मरतो. पावसाचा आवाज नंतर घाला.

गोव्यातल्या घड्याळाचा विचार करा. सकाळी आणि दुपारी चारनंतर पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा, सकाळी मासेवाली, संध्याकाळी देवळातली आरती, कुठे चर्चची घंटा. मार्च ते जून कोकीळ दिवसभर, आणि पहिला पाऊस पडला की रात्री बेडूक. दुपारी दीड ते चार गाव झोपलेलं असतं. ते अडीच तास सर्वांत नाजूक दृश्यांना द्या, खिडक्या काळ्या कापडाने बंद करून. रात्र हवी असेल तर दहानंतर.

फ्रिज बंद करा आणि गाडीची चावी त्यातच ठेवा, म्हणजे निघताना चालू करायला विसरणार नाही. पंखा ही मोठी अडचण. मे महिन्यात गोव्यात पंखा बंद दाखवला तर खोटं वाटतं, चालू ठेवला तर संवाद गेला. म्हणून कथेतच लाइट घालवा. वादळी पावसात वीज जाणं याला कुणी शंका घेत नाही. पंखा, ट्यूब, एसी सगळं शांत, घाम खरा, आणि इमर्जन्सी दिव्याच्या उजेडाला कारण मिळतं.

बार्जघाट

लाइट गेली तर ओव्हन बंद. म्हणजे रात्री साडेअकराला नमुना अर्धवट वाळलेला, नवा आकडा येणारच नाही, आणि हातात फक्त डबा उरला. आवाजासाठी सुचवलेला बदल कथेला हवाच होता. फक्त जेटीवर जनरेटर असतो, तो का चालू नाही याचं कारण पहिल्या दहा पानांत द्या. हंगाम संपत आला म्हणून डिझेल भरलेलं नाही, हे पुरे.

डिचोलीचा_लेखक

मनापासून आभार. सात दिवस आणि मधला पाऊस हे मला माहीतच नव्हतं, दाखला खरा ठेवल्यावर सगळी पात्रं बदलतात. मॅनेजरच्या शपथेचा नियम घेतोय. कौलाचा प्रश्न ६२व्या पानावर नेतोय.

आता कॅमेरा. खोली १४ बाय १६ फूट. दोन कॅमेरे लावावेत का? आणि नाटक वाटू नये म्हणून हँडहेल्ड करावं असं एकाने सुचवलंय.

संकलन_म्हापसा

हँडहेल्ड केल्याने नाटकपण जात नाही. नाटकात बोलणाऱ्याकडे बघायचं की ऐकणाऱ्याकडे हे प्रेक्षक ठरवतो. चित्रपटात ते तुम्ही ठरवता. तुम्ही प्रत्येक वाक्याला बोलणाऱ्याचं तोंड दाखवलंत तर नाटकाचं रेकॉर्डिंग होणारच. म्हणून प्रत्येक दृश्यात प्रत्येक नटाचा क्लोज-अप संपूर्ण दृश्यभर घ्या, तो गप्प असलेल्या भागासकट. क्लार्क ऐकताना काय करतो ते संकलनाच्या टेबलावर मिळालं नाही तर मी काहीही करू शकत नाही.

तिसरी_घंटा यांच्या एका सूचनेला अट घालतो. वाक्य तोडायचं लिहा, पण क्लोज घेताना दोघांनी एकमेकांवर बोलायचं नाही. आवाज एकमेकांत मिसळले की त्या टेकचा कुठलाच भाग दुसऱ्याशी जोडता येत नाही. तोडणारा नट अर्धा श्वास थांबून बोलेल, अंगावर येणं संकलनात करू. तिघे एका फ्रेममध्ये असतील तेव्हा मात्र मोकळेपणी एकमेकांवर बोलू दे, तिथे जोडायचं काही नसतं. आणि कागद हातात असलेला नट कुठल्या शब्दाला कागद खाली ठेवतो हे तालमीत पक्कं करा. संवादप्रधान चित्रपटात सर्वांत जास्त कट याच कारणाने अडतात: शब्द जुळतो, हात जुळत नाही.

१४ बाय १६ ची खोली लहान आहे. कॅमेरा, बूम आणि दिवे धरले तर नटांना आठ फूट उरतात. दोन समोरासमोरच्या भिंतींत दारं किंवा मोठ्या खिडक्या असलेली खोली शोधा, म्हणजे कॅमेरा बाहेर व्हरांड्यात उभा करून ७५ मिलिमीटरची भिंग वापरता येईल. भिंगांचा क्रम आधीच ठरवा. सिडनी ल्युमेट यांनी १९५७ च्या ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’मध्ये जवळजवळ सबंध चित्रपट ज्युरीच्या खोलीत ठेवला आणि कॅमेरा सुरुवातीला डोळ्यांच्या वर, मग डोळ्यांच्या पातळीत, शेवटच्या भागात खाली आणला. भिंगंही हळूहळू लांब पल्ल्याची करत नेली. त्यामुळे खोली लहान होत जाते आणि शेवटी छत दिसू लागतं. तुमच्याकडे कौलांचा उतार आणि वासे आहेत, पहिल्या ५० मिनिटांत ते दाखवू नका. उदाहरणार्थ, लाइट जाईपर्यंत २५ आणि ३५, कॅन टेस्टपर्यंत ५०, नंतर ७५.

तिघांच्या दृश्यात रेषेचा, म्हणजे दोन पात्रांमधली जी रेषा कॅमेऱ्याने ओलांडायची नसते तिचा, गोंधळ नक्की होतो. मॅनेजर आणि केमिस्ट यांच्यातली रेषा मुख्य धरा, क्लार्कला कॅमेऱ्याच्या विरुद्ध बाजूला बसवा. रेषा बदलायची असेल तर कुणीतरी उठून दुसऱ्या जागी जाताना दिसलं पाहिजे, आणि ते उठणं कागदासाठी असावं.

दोन कॅमेरे घ्या, पण समोरासमोर नकोत. त्यात एकाचा दिवा दुसऱ्याच्या फ्रेममध्ये येतो आणि बूमला जागा उरत नाही. एकाच बाजूने, एक मध्यम आणि एक क्लोज असे लावा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, तेव्हा २५ फ्रेम आणि शटर १/५०. २४ फ्रेमच हवे असतील तर शटरचा कोन १७२.८ अंश ठेवा, नाहीतर स्वस्त एलईडी दिवे लुकलुकतात. दिवसभराचं चित्रण रोज रात्री दोन वेगळ्या डिस्कवर उतरवून तपासल्याशिवाय कार्ड पुसू नका.

कॅन टेस्टला एकही संवाद ठेवू नका. २५ ठोके दर दीड सेकंदाला म्हणजे ३७-३८ सेकंद. पूर्ण २५ ठेवा, प्रेक्षक मनात मोजत असतो. डबा दाखवायची घाई नको. पहिले पंधरा ठोके मॅनेजरच्या चेहऱ्यावर.

कॉलशीट

वेळापत्रकाबद्दल. तुमचे नट हौशी रंगभूमीवरचे असणार. दिवाळीनंतर जत्रांचा मोसम सुरू होतो तो शिगम्यापर्यंत, आणि त्या काळात बहुतेकांच्या रात्री नाटकांना दिलेल्या असतात. चवथीच्या आधी-नंतर कुणीच मिळत नाही. मे महिन्यात उकाडा आणि कोकीळ, जून-जुलैत पाऊस. उरतं काय, तर ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा किंवा शिगमा आटोपल्यावरचे दोन-तीन आठवडे. मी ऑक्टोबर घेईन. हिरवळ असते, खिडकीबाहेर मेअखेर म्हणून खपते आणि जत्रा लागलेल्या नसतात. अधूनमधून परतीचा पाऊस येईल, त्यासाठी दोन दिवस हाताशी ठेवा.

‘एक पान एक मिनिट’ हा हिशेब तुमच्या संहितेला लागू नाही. स्टॉपवॉच लावून तिघांकडून वाचून घ्या, शांततेच्या जागांसह. मग लांबी ठरवा. सेन्सॉर बोर्डाकडे ७२ मिनिटांपेक्षा मोठा चित्रपट पूर्ण लांबीचा धरला जातो, त्याच्या काठावर राहू नका. ८५ ते ९० मिनिटं बरी. १६ दिवसांत दोन दिवस राखीव धरले तर १४ दिवसांत ९० पानं, दिवसाला साडेसहा. एका खोलीत हे जमतं, पण फक्त तालमी झालेल्या असतील तर. दहा दिवस टेबलावर आणि चार दिवस प्रत्यक्ष खोलीत. या चार दिवसांत कॅमेरामन आणि ध्वनीमुद्रक दोघेही हवेत.

चित्रण कथेच्या क्रमाने करा. एका खोलीत असल्यामुळे ते परवडतं, आणि खनिजाचा तांबडा रंग एकदा हाताला, शर्टाच्या बाहीला लागला की परत निघत नाही. प्रत्येक नटाचे एकसारखे तीन शर्ट: स्वच्छ, मळका, फार मळका.

साल २०१२ आहे, तेव्हा बटणांचे फोन, फॅक्स, आणि ५०० च्या जुन्या नोटा. टेबलावर यूपीआयचा स्टिकर राहून गेला तर संकलनात दिसेलच.

खासगी घराला मालकाची लेखी संमती घ्या. जेटीचे, नदीचे बाहेरचे दोन शॉट असतील तर परवानग्यांसाठी पणजीतल्या गोवा मनोरंजन संस्थेकडे आधी जा. जलमार्ग कॅप्टन ऑफ पोर्ट्स या सरकारी खात्याच्या अखत्यारीत येतो. कौलाचं दृश्य प्रत्यक्ष दाखवणार असाल तर देवस्थान समितीशी बोलावं लागेल आणि गाभाऱ्यात कॅमेरा मिळेल असं धरू नका. माझ्या मते ते दाखवूच नये. कौल फक्त मॅनेजरच्या सांगण्यातून कळला तरच त्यात काय विचारलं होतं हा प्रश्न जिवंत राहतो. प्रमाणपत्राच्या वेळीही बरं पडतं. कुठल्याही धर्मगटाचा अवमान होईल असं काही नको, अशी मार्गदर्शक तत्त्वांची अपेक्षा असते आणि तुमच्या कथेत तसं काही नाही. प्रमाणपत्रांच्या नव्या वर्गवारीत यूए ७+, १३+ आणि १६+ असे गट आहेत, शिवीगाळ किती ठेवता त्यावर तुमचा गट ठरेल.

डिचोलीचा_लेखक

कौल न दाखवण्याचं पटलं, ते दृश्य काढलं. शेवटचा प्रश्न बार्जघाट यांना. प्रत्येक टेकला डब्यात तोच परिणाम कसा मिळवायचा? नटाने २५ वेळा आपटल्यावर वर पाणी दिसायलाच हवं.

बार्जघाट

एकच माल पुन्हा वापरू नका, आपटून तो एकदा घट्ट बसला की दुसऱ्यांदा वेगळा वागतो. दर टेकला नवा. आधी सगळा माल ओव्हनमध्ये किंवा कडक उन्हात पूर्ण वाळवा, चाळून खडे काढा, एकेक किलोच्या पिशव्या भरा.

ओलाव्याची टक्केवारी ओल्या वजनावर काढतात हे लक्षात ठेवा. एक किलो सुक्या मालात ८.५ टक्के ओलावा हवा तर ९३ मिलिलिटर पाणी, १० टक्क्यांना १११, १२ टक्क्यांना १३६. पाणी घालून मळा, पिशवीचं तोंड बांधून तासभर ठेवा म्हणजे ओल सगळीकडे सारखी मुरते. प्रत्येक खाणीचा माल वेगळा, म्हणून ९३ पासून सुरू करून दर चाचणीला १० मिलिलिटर वाढवत न्या आणि बाविसाव्या-तेविसाव्या ठोक्याला वर चकाकी येईल ते प्रमाण वहीत लिहा. शूटिंगला त्याच प्रमाणाच्या वीस पिशव्या तयार ठेवा. वजनाच्या शॉटमध्ये मात्र तराजूवर कथेतलाच आकडा दिसला पाहिजे.

डबा पातळ पत्र्याचा नको, चेपतो आणि आवाज किणकिणतो. जाड स्टीलचा घ्या. खाली लादी नको, फुटेल. फ्रेममध्ये दिसेल असा चिऱ्याचा किंवा काँक्रीटचा ठोकळा जमिनीवर ठेवा. नटाला २० सेंटिमीटर उंचीचा अंदाज यावा म्हणून टेबलाच्या पायावर खडूची बारीक रेघ मारा. एका लिटरच्या अर्ध्या डब्यात सुमारे एक-सव्वा किलो माल बसतो, डबा धरून वजन आणखी वाढतं. २५ ठोक्यांनी मनगट भरून येतं, तेव्हा दिवसाला पाच-सहा टेकच्या वर जाऊ नका.